प्लेगची लस आणि हाफकिन यांचा वनवास

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना नवे नाही. सर्पदंशावरील प्रतिविष आणि बालकांना पाजला जाणारा पोलिओचा डोस यांमुळे ते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही पोचले आहे. मात्र ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन कोण होते, याची माहिती फार थोड्यांना असते. एकाच माणसाने पटकी आणि प्लेग या दोन्ही महामारींवर लस तयार केली, दोन्ही वेळा ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली आणि मुंबईपासून लोणावळ्यापर्यंत हजारो लोकांचे प्राण वाचवण्याचा मार्ग दाखवला. त्याच माणसाला पुढे एका बाटलीतल्या दूषित लशीचा दोष माथी घेऊन पाच वर्षे काढावी लागली. औषध कितीही उत्तम असले, तरी ते रुग्णाच्या दंडापर्यंत कोणत्या हातांनी पोचते यावर त्याचे यश अवलंबून असते, ही गोष्ट हाफकिन यांच्या आयुष्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी चळवळीत ओढले गेले. १८८१ साली ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यांना अटकही झाली.

शिक्षण पूर्ण झाल्यावर प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांच्यापुढे होता, पण त्यासाठी धर्म बदलण्याची अट होती. ती त्यांनी मानली नाही. १८८८ साली ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. तिथे मोकळी जागा होती ती ग्रंथपालाची. जीवशास्त्रातील पदवीधराने ती विनातक्रार पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

हाफकिन यांनी पटकीच्या जंतूवर काम करून लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. पण काही दिवसांत ते बरे झाले. युरोपातील अनेक नामांकित शास्त्रज्ञ या लशीबाबत साशंक होते. लशीचा खरा कस तिथेच लागणार होता, जिथे पटकी दरवर्षी हजारो बळी घेत होती. पूर्वी भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

आधी स्वतःला, मग इतरांना

कलकत्त्यात त्यांचे स्वागत झाले नाही. परका माणूस, हातात सुई आणि कुपीत रोगाचे जंतू. लोकांना संशय येणे स्वाभाविक होते. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकी पसरली. हाफकिन आणि त्यांचे भारतीय सहकारी डॉक्टर तिथे गेले. लोकांसमोर त्यांनी आधी एकमेकांना लस टोचली. मग वस्तीतील सुमारे २०० जणांपैकी ११६ जण पुढे आले. त्यानंतर पटकीचे जे नवे रुग्ण आढळले, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते.

या प्रसंगात हाफकिन यांच्या कामाची पद्धत दिसून येते. सक्ती करायची नाही. जे येतील त्यांना टोचायचे आणि जे येणार नाहीत त्यांचीही नोंद ठेवायची. एकाच वस्तीत, एकाच घरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या दोन गटांची तुलना झाली, तरच लशीचा गुण कळणार होता. औषधाची चाचणी कशी घ्यावी, याचे नियम आज सर्वमान्य झाले आहेत. १८९० च्या दशकात अशी काटेकोर तुलना करणारे फार थोडे होते. बंगालपासून पंजाबपर्यंत फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना पटकीची लस टोचली. या धावपळीत त्यांना हिवतापाने गाठले आणि काही काळ युरोपात परतावे लागले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण ओळखले. तो प्लेग होता. काही आठवड्यांतच शहर रिकामे होऊ लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले आणि ७ ऑक्टोबर रोजी ते येथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक लहानशी खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा एवढीच त्यांना मिळालेली प्रयोगशाळा होती. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण असा होता, की एका मदतनीसाची प्रकृती पार ढासळली आणि आणखी दोघे काम सोडून गेले.

प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसरसाच्या चंबूत तुपाचे थेंब सोडले. रसावर तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंची वाढ लोंबत्या धाग्यांसारखी खाली उतरत असे. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नवे तयार होत. कित्येक आठवडे अशी वाढ झाली, की चंबू तापवून जंतू मारले जात आणि जपणुकीसाठी त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. मेलेल्या जंतूंचा हा द्रव म्हणजेच प्लेगची लस.

डिसेंबरपर्यंत प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचवून घेतली. पुढे सर्वसामान्यांना जी मात्रा दिली गेली, तिच्या ती कितीतरी पट होती. कॉलेजमधील डॉ. सर्व्हेयर यांनी ती टोचली. ही गोष्ट मोजक्याच लोकांना ठाऊक होती. ताप चढला, वेदना झाल्या. पण हाफकिन त्या अवस्थेतही बैठकींना हजर राहिले.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील ज्या कैद्यांनी तयारी दाखवली, त्यांना लस टोचण्यात आली. त्यानंतर लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. कैद्यांची संमती कितपत मोकळी असू शकते, हा प्रश्न आज नक्कीच विचारला जाईल. त्या काळी तो कुणी फारसा विचारला नाही.

लोणावळ्यातील आकडे

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक कुरवंडे घाटाची. नागफणीच्या सुळक्याजवळील कुरवंडे गावावरून जाणाऱ्या याच वाटेने १६६१ साली कारतलबखानाची फौज खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याच्या हाती सापडली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि अशा घाटवाटांचे महत्त्व ओसरले. कुरवंड्याशेजारचे लोणावळा हे रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे बनले. कर्मचाऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. मुंबई सोडून निघालेली माणसे याच लोहमार्गाने घाट चढत होती आणि मार्गावरच्या गावांत प्लेगही पसरत होता.

१८९७ च्या पावसाळ्यात लोणावळ्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन यांच्या लशीची तेथे मोठी कसोटी लागली. रोगाने ग्रासलेल्या वस्तीतील लोकांना लस देण्यात आली आणि दोन्ही गटांची नोंद ठेवण्यात आली. लस न घेतलेल्या ३७७ जणांपैकी ७८ जणांना प्लेग झाला व ५७ मृत्युमुखी पडले. लस घेतलेल्या ३२३ जणांपैकी १४ आजारी पडले आणि ७ दगावले. मृत्यूच्या प्रमाणातला हा फरक जवळजवळ सातपट होता. पुण्याजवळील खडकीच्या छावणीतही असेच दिसून आले. तेथे लस न घेतलेल्या ८५९ जणांत ९८ मृत्यू झाले, तर लस घेतलेल्या ६७१ जणांत १७.

या आकड्यांमागची परिस्थिती ध्यानात घेतली, तर त्यांचे मोल कळते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घरांची झडती घेतली, माणसांना छावण्यांत नेले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना याच रोगाने गेल्या. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. सरकारी इलाज म्हणजे जुलूम, अशी लोकांची ठाम समजूत झाली होती आणि ती निराधार नव्हती. अशा वातावरणात सरकारी डॉक्टरच्या हातून सुई टोचून घ्यायला शेकडो लोक पुढे आले. जबरदस्ती नसणे आणि शेजाऱ्याला आलेला अनुभव, हीच त्यामागची कारणे म्हणावी लागतील.

लस परिपूर्ण नव्हती. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, एकदोन दिवस कामाचा खाडा होई. संरक्षण काही महिन्यांपुरतेच मिळे. भारतभर फिरून तपासणी करणाऱ्या प्लेग आयोगाने लशीचा उपयोग मान्य केला. पण प्रत्येक चंबूतील लशीची ताकद सारखी नसते, मात्रा काटेकोर ठरत नाही, हा दोषही दाखवला.

परळची प्रयोगशाळा

मुंबईत लशीला मोठा आधार दिला तो आगाखान यांनी. त्या वेळी ते विशीतही नव्हते. आपल्या अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्या मागोमाग आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली जागाही दिली. लशीची मागणी वाढत गेली तशी ती जागाही अपुरी पडू लागली. अखेर परळ येथील जुने राजभवन प्रयोगशाळेला देण्यात आले आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे प्रमुख झाले. १८९७ मध्ये त्यांना सरकारी किताबही मिळाला होता.

मात्र त्यांचे स्थान पक्के नव्हते. हाफकिन वैद्यकाचे पदवीधर नव्हते. ते रशियन होते, ज्यू होते आणि लष्करी शिस्तीच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसचे सदस्य नव्हते. त्यांच्या हाताखाली काम करणे अनेक गोऱ्या डॉक्टरांना रुचत नव्हते.

मुलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि तेथील सरकारने प्रचंड मोठी लसीकरण मोहीम आखली. परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा डोंगर कोसळला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून तयार करण्याच्या पद्धतीत बदल करण्यात आला. पाश्चर संस्थेच्या धर्तीवर केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेली, कार्बोलिक आम्ल न मिसळलेली लस भरली जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. त्यांचे जबडे आवळले, शरीरे ताठरली आणि एकामागून एक ते १९ ही जण मरण पावले. नोंदी तपासल्या असता एक गोष्ट पुढे आली. या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. तिचा क्रमांक ५३ एन. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नव्हते.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मग ते या बाटलीत कुठे शिरले? परळला, बाटली भरताना. की मुलकोवालला, ती उघडताना? सारा वाद या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला दूषित झाली होती, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक ठरवण्यात आली. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

परंतु आयोगासमोर आलेल्या साक्षीतच एक वेगळी हकिकत होती. ५३ एन बाटलीचे बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवण्याऐवजी जंतुनाशकात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला. उघड्या मैदानात, मातीच्या जमिनीवर, टोचणीसाठी रांग लागलेली असताना ही घटना घडली होती.

हाफकिन यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांचा युक्तिवाद साधा होता. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी भरली गेली होती. तेव्हाच जंतू आत शिरले असते, तर बंद बाटलीत ते भरपूर वाढले असते, लशीला दुर्गंधी आली असती आणि तयार विष शरीरात गेल्याने लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात बाटली उघडताना तसा वास जाणवला नव्हता आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला. ताजे जंतू जखमेत शिरले की नेमका एवढाच अवधी लागतो. कार्बोलिक आम्लाच्या अल्प प्रमाणाने धनुर्वाताचे चिवट बीजाणू मेले असते, हेही खात्रीने सांगता येत नव्हते.

पाच वर्षांचा लढा

चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला काही वर्षे गेली. तोवर हाफकिन लंडन आणि पॅरिसमध्ये आपली बाजू मांडत राहिले. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे भारतात सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या मदतीला धावले. निर्दोष माणसाला दोषी ठरवले, तर परळच्या प्रयोगशाळेत गलथानपणा चालतो असा लोकांचा समज होईल आणि ते लशीकडे पाठ फिरवतील, हा रॉस यांचा मुख्य मुद्दा होता. प्लेगने त्या वर्षांत भारतात लाखो माणसे मरत होती. म्हणजे प्रश्न एका शास्त्रज्ञाच्या अब्रूपुरता उरला नव्हता. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. अखेर त्या वर्षाच्या उत्तरार्धात सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका मागे घेतला.

ते भारतात परतले, पण मुंबईला नव्हे. त्यांना कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत नेमण्यात आले. प्लेगच्या लशीची निर्मिती त्यांच्या हाती पुन्हा सोपवण्यात आली नाही आणि माणसांवरील नव्या चाचण्यांनाही वाव मिळाला नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले व युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते धर्माभ्यासाकडे वळले आणि आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवून गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. पाच वर्षे आधी, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे दोन कोटी ६० लाख डोस रवाना झाले. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

शेवटच्या हाताची जबाबदारी

हाफकिन यांची प्लेगची लस आता मागे पडली आहे. प्रतिजैविकांनी प्लेग आटोक्यात येतो; १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत हा रोग पुन्हा दिसला, तेव्हा ते दिसून आले. मात्र मुलकोवालने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. हाफकिन यांनी ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पहिली लस तयार केली, त्याच्याशी संलग्न जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरॉलमधील विषारी भेसळीमुळे १४ रुग्णांचे प्राण गेले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि पुरवठा या साखळीतील प्रत्येक कड्यावर बोट ठेवले. दोष कुणा एकाच्या माथी मारून प्रकरण मिटवता येत नाही, हे तेव्हा दिसले. १९०३ मध्ये ते कुणी पाहिले नव्हते. मागणी अतोनात वाढलेली, पद्धत घाईने बदललेली, टोचणारे हात पुरेसे प्रशिक्षित नसलेले आणि टोचणीची जागा उघडी. हे सारे बाजूला ठेवून चौकशी परळच्या दारात येऊन थांबली होती.

या प्रकरणात अखेरीस सत्याला आधार मिळाला तो नोंदींचा. कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून लस दिली, हे मुलकोवालला लिहून ठेवले नसते, तर १०७ जणांना टोचलेली सारीच लस विषारी ठरली असती आणि पंजाबात कुणीही पुन्हा सुईजवळ फिरकले नसते. लोणावळ्यातील ३२३ आणि ३७७ माणसांची नोंद नसती, तर लशीचा गुणही कुणाला पटवता आला नसता. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात बालकाला लस देताना परिचारिका कुपीवरचा बॅच क्रमांक आणि मुदत पाहते, कुपी उघडल्याची वेळ लिहिते आणि कार्डावर नोंद करते. गर्दीच्या दिवशी हे काम कंटाळवाणे वाटते व कित्येकदा उरकले जाते. त्यामागे एका बाटलीने घेतलेले १९ जीव आणि एका शास्त्रज्ञाची वाया गेलेली पाच वर्षे आहेत, हे रुग्णसेवेतल्या प्रत्येकाने जाणून घ्यायला हवे.